दादांसाठी टाइप केलेली नाटकं

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून त्यातून डब्यांची झाकणं काढणारं मशीन. वीस-बावीस वर्षं त्यांनी तो दणका ऐकला आणि त्यातच त्यांचे दोन्ही कान गेले. एका दिवसात नाही गेले. आधी दाराची कडी वाजलेली कळेना, मग आईची हाक, मग रेडिओ. मी बारावीत असताना आमच्या घरात एक पाटी आणि खडूचा डबा आला. दादांना काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते स्वतः तोंडानंच बोलत, पण आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नसे. कधी कुजबुजल्यासारखं बोलत, कधी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं.

कानाचं मशीनही आणलं होतं. ते शिट्टी मारायचं. आणि ऐकू आलं तर सगळं एकदमच यायचं, पंखा, भांडी, बाहेरची रिक्षा, माणसं, सगळ्याचा काला. चार महिन्यांत त्यांनी ते डबीत घालून ट्रंकेत ठेवून दिलं.

बाकी कशाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते नाटकाचं. तरुणपणी आमच्या वस्तीत जयंतीला जी नाटकं व्हायची त्यांत दादा असायचे. पुढे ड्युटी, संसार यात ते सुटलं, पण बघणं सुटलं नाही. त्यातही त्यांना एकांकिका आवडायच्या. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कुठेही स्पर्धा लागली की प्राथमिक फेरीला आम्ही सकाळी नऊलाच हजर. दिवसभरात सात-आठ एकांकिका व्हायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. आई चपाती-भाजीचा डबा द्यायची आणि म्हणायची, "जा, बघा दुसऱ्यांची भांडणं."

कान गेल्यावरही ते एक-दोन वर्षं येत राहिले. एकदा अंबरनाथच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. स्टेजवर दोन भाऊ, आई वारलेली, आणि तिची पेटी कोणी उघडायची यावर त्यांचं बोलणं चाललेलं. थोरला काहीतरी बोलला आणि सगळा हॉल हसला. दादांनी इकडे तिकडे पाहिलं, लोक हसतायत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेही हसले. पण तोपर्यंत धाकटा रडायला लागला होता. सगळीकडे शांतता आणि दादांचं एकट्याचं मोठं हसू. पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं. एक बाई "श्शू" म्हणाली. ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा दिसला.

दादा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. शाळेच्या नळावर त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाले, "आता मी येणार नाही. तू येत जा."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की ते येणार. कसे येणार ते ठरवायचं राहिलं होतं.

आधी मी सोपा उपाय करून बघितला. पुढच्या स्पर्धेला त्यांना ओढूनच नेलं आणि मांडीवर वही घेऊन, स्टेजवर काय बोलतायत ते भराभर चिठ्ठ्यांवर लिहून देत गेले. 'तो म्हणतो नोकरी गेली.' 'ती म्हणते मला माहीत होतं.' दोन एकांकिका झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"तू मला गोष्ट सांगतेस," ते म्हणाले. "गोष्ट मला नको. तिनं कुठल्या शब्दांत सांगितलं ते पाहिजे."

बरोबरच होतं. 'मला माहीत होतं' आणि 'तू सांगायची वाट बघत होते' यात जो फरक आहे तोच तर नाटक. मग माझ्या डोक्यात आलं की दादांनी आधी लिहिलेलं नाटक वाचलं पाहिजे आणि मग बघितलं पाहिजे. लायब्ररीत जुन्या नाटकांची पुस्तकं होती. पण स्पर्धेत कोणी जुनं करत नसे. तिथे त्याच वर्षी लिहिलेल्या एकांकिका यायच्या, लिहिणारेही आपल्यासारखेच, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कंपनीत. त्यांचं काहीच छापलेलं नसायचं. एक हस्तलिखित, तेही तेल लागलेलं, आणि नटांनी आपापली वाक्यं वहीत उतरवून घेतलेली.

अंबरनाथच्या एका ग्रुपच्या तालमीला मी गेले आणि दिग्दर्शकाला विचारलं, "तुमची संहिता दोन दिवस देता का? माझ्या वडिलांना वाचायचीय."

"संहिता बाहेर जात नाही," तो म्हणाला. "मागच्या वर्षी आमचा शेवट दुसऱ्यांनी उचलला."

मी सगळं सांगितलं. कान, प्रेस, हसू. तो वाईट माणूस नव्हता, ऐकून घेतलं त्यानं. पण मान हलवली. मी परत निघाले तेव्हा कोपऱ्यात दोन नट एकाच वहीत डोकं घालून भांडत होते की हा शब्द 'मरण' आहे की 'सरण'.

त्या दिवसांत मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, मराठी टायपिंगचा क्लास करत होते. सरकारी नोकरीच्या परीक्षेला स्पीड लागायचा. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मशीनवर बसले आणि कागद चढवताना एकदम सुचलं. संध्याकाळी परत त्या तालमीला गेले.

"तुमची संहिता मी टाइप करून देते. फुकट. कार्बन घालून चार कॉप्या काढते. तीन तुमच्या, एक माझ्या वडिलांची. स्पर्धा झाली की तीही परत घ्या."

दिग्दर्शकानं वहीवाल्या नटांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "शेवटचं पान देणार नाही," तो म्हणाला.

"शेवटचं पान मी इथे बसून हातानं उतरवीन. घरी फक्त दादा वाचतील."

तो हसला आणि त्यानं वही दिली. शेवटच्या पानासकट.

क्लास चालवणारे सर सिंधी होते. साठीच्या आसपासचे, पांढरा लेंगा-शर्ट, चष्मा दोरीला बांधलेला. मराठी बोलायचे, पण चार शब्दांनंतर हिंदीत जायचे. माझ्या मशीनजवळ येऊन ते उभे राहिले.

"बेटी, ये क्या टाइप करती है? परीक्षेत सरकारी चिठ्ठी येणार. ड्रामा थोडी आएगा."

"स्पीड तर स्पीडच ना सर," मी म्हटलं. "चिठ्ठीत काय, 'आपला विश्वासू' आलं की संपलं. इथे हात थांबत नाही."

ते पुढच्या मुलाच्या मशीनकडे गेले. पण दोन दिवसांनी मी तिसरं पान काढलं तेव्हा मागून आवाज आला, "फिर वो बोलता है या नहीं? भाई को?" देवनागरी त्यांना येत होती, माझ्या खांद्यावरून ते वाचत होते. त्यानंतर नाटक टाइप करायला ते मला क्लासची वेळ संपल्यावरही अर्धा तास बसू द्यायचे.

दादांनी पहिली टाइप केलेली एकांकिका वाचली ती कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ओट्यावर बसून, लाल पेन्सिल घेऊन. एकदा वाचली, परत वाचली. मग मला बोलावून एका जागी बोट ठेवलं. कंसात लिहिलं होतं, 'शांतता.'

"आमच्या वेळच्या नाटकात हे नव्हतं," ते म्हणाले. "आमच्या वेळी राजा सगळं बोलून टाकायचा. राग आला तरी सांगायचा की मला राग आला. हे पोरगं इथे गप्प बसतं. का बसतं?"

मी पाटीवर लिहिलं, 'माहीत नाही.'

"मग बघू या," म्हणाले.

आणि आम्ही गेलो. त्या दिवशी मी स्टेज कमी आणि दादांना जास्त बघितलं. ते ताठ बसले होते. हसायच्या जागी सगळ्यांच्या बरोबर हसले, एकदा तर सगळ्यांच्या आधी, कारण काय येणार ते त्यांना माहीत होतं. ती शांततेची जागा आली तेव्हा नट गप्प राहिला आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. बस, एवढंच. दादांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एकांकिका संपल्यावर म्हणाले, "बघितलंस? बाहेर जायची तयारी केली त्यानं. तोंडानं काहीच बोलला नाही, पण घर सोडलं त्यानं तिथेच."

मी कॉलेजात दोन वर्षं मराठी शिकले होते. नाटक असं बघायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या तीन-चार वर्षांत मी किती संहिता टाइप केल्या त्याचा हिशेब ठेवला नाही. ग्रुपवाले आपण होऊन यायला लागले. घर बदलापूरला हललं, कुळगावात. दादांनी कारखाना सोडला होता. आई उल्हासनगर कॅम्पातून जीन्सच्या पँटी आणून त्यांचे शिलाईचे धागे कापायचं काम करायची. निळ्या पँटींचा ढीग एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला माझी कागदांची थप्पी. दादा मधे बसून वाचायचे. वाचून झालं की वाद सुरू. ते तोंडानं, मी पाटीवर. आई पाटी न बघताच म्हणायची, "पुसून पुसून पाटीला भोक पडेल एक दिवस."

एकच प्रकार दादांना अजिबात आवडत नसे, एकपात्री. "एकटा माणूस उभा राहतो नि तोंड हलवत राहतो," ते म्हणायचे. "दोघं असली तर एक बोलतो तेव्हा दुसऱ्याचं तोंड वाचता येतं. ह्याच्यात मी काय बघू?"

बदलापूर गावात एक लेखक होता. तिशीतला, घरची शेती, आणि नोकरी जांभूळला पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर. पाळ्या करून उरलेल्या वेळात एकांकिका लिहायचा. त्याच्या दोन मी टाइप केल्या होत्या. एका रविवारी तो नवीन हस्तलिखित घेऊन घरी आला. एका बाईचं स्वगत होतं, पंचवीस मिनिटांचं. तिच्या शेताखालून पाण्याचा मोठा पाइप गेलाय, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन कुठल्याशा कचेरीत आलीय. शिपायानं सांगितलंय, साहेब येतील, बसा. साहेब येत नाही. ती बोलत राहते. भाषा त्याच्या गावची, त्याच्या घरातल्या बायकांची. 'पानी आमचे शेताखालून जातंय, न आमी हंडा घेऊन लायनीत.'

मी ते टाइप केलं. क्लासच्या सरांनी ते वाचलं आणि त्या दिवशी ते माझ्या मागून हललेच नाहीत. मग म्हणाले, "मेरा बाप ऐसे ही बैठता था. तिकडे सिंधमध्ये आपली जमीन होती, त्याचा कागद घेऊन. रोज. साहब आज नहीं, कल. मैं साथ में जाता था." चष्मा पुसला आणि दुसऱ्या मशीनकडे गेले.

दादांचं मत मात्र वेगळं पडलं. लेखक समोर बसलेला असतानाच ते म्हणाले, "लिहिलंय चांगलं. पण ती आमच्याकडे तोंड करून का बोलते? आम्ही काय तिचे साहेब आहोत?"

लेखकानं पाटी ओढली. 'मग कोणाशी बोलू दे?'

"खुर्ची ठेवा. रिकामी. त्या खुर्चीशी बोलू दे तिला. खुर्चीत साहेब बसलाय हे मला दिसलं पाहिजे. तो घड्याळ बघतो, चहा पितो, ते सगळं तिच्या तोंडावर दिसलं पाहिजे. ते दिसलं तर मला ऐकू नाही आलं तरी चालेल."

लेखकानं हस्तलिखित परत नेलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा अर्ध्याहून जास्त वाक्यं कापली होती आणि खुर्ची आली होती. मी पुन्हा टाइप केलं. मग आणखी दोनदा. पाचव्या वेळी टाइप करताना माझ्या लक्षात आलं की मी कागदाकडे बघतच नाहीये. सगळं पाठ झालं होतं.

त्याच सुमाराला ज्या मुलीनं ते करायचं होतं तिचं लग्न ठरलं आणि ती पुण्याला गेली. लेखकानं मला विचारलं. मी दादांकडे बघितलं, त्यांनी ओठांवरून ओळखलं आणि म्हणाले, "कर."

आईनं कात्री खाली ठेवली. मला वाटलं ती लग्नाचं काढणार. पण ती म्हणाली, "तुझा बाप स्टेजवर होता तोवर मी घरात एकटी असायचे. आता तूही जाणार. मग या पँटी कोण मोजून देणार?" जरा थांबून म्हणाली, "कर, पण रविवारच्या रविवार. आणि चांगलं कर. वाईट करायचं असलं तर घरात काम आहे."

तालमी कुळगावातल्या एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी. दादा शेवटच्या बाकावर बसायचे. नियम असा होता की साहेब दिसेनासा झाला की दादा हात वर करणार. पहिल्या दिवशी त्यांचा हात खाली आलाच नाही. मला रडू आलं. लेखक म्हणाला, "आज राहू दे." मी म्हटलं, "नाही, परत पहिल्यापासून." त्या सकाळी आम्ही चार वेळा केलं. दोन महिन्यांनी हात दोनदा वर यायला लागला, मग एकदा. स्पर्धेच्या आदल्या रविवारी एकदाही आला नाही.

स्पर्धा उल्हासनगरला होती, दुपारची वेळ. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत दादा, शेजारी आई, पलीकडे क्लासचे सर इस्त्रीचा शर्ट घालून. पहिली पंधरा मिनिटं मला अजून आठवतात, कारण तेवढं नीट मी आधी कधीच केलं नव्हतं. खुर्चीत साहेब होता. लोक हसत होते, मग हसायचे थांबत होते.

मग माझी नजर खाली गेली आणि मला दादांचे ओठ हलताना दिसले. ते माझ्याबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होते, बिनआवाजी. मी बघत राहिले आणि पुढचं वाक्य डोक्यातून गेलं. पाच वेळा टाइप केलेलं वाक्य. मी पिशवीतले कागद चाळले. खुर्चीकडे बघितलं. काही नाही.

आणि पहिल्या रांगेतून प्रेसवरच्या माणसाचा खणखणीत आवाज आला, "साहेब, तुमी पानी पिता ना?"

अख्खा हॉल हसला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. दादा स्टेजकडे बघत होते, शांत, आपण काही केलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. मी हसू ओसरेपर्यंत थांबले. मग खुर्चीकडे वळून तेच वाक्य म्हटलं, "साहेब, तुमी पानी पिता ना? ते माजे शेताखालून येतं." आणि उरलेलं सगळं केलं. एकही शब्द गाळला नाही.

निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले की एका स्वगताला प्रेक्षकांतून मदत मिळाल्यामुळे नियमाप्रमाणे त्याचा विचार करता आला नाही. दादांनी मला विचारलं, "काय म्हणाले?" मी मान हलवली. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी काही बोलले नाही, म्हणजे काही लिहिलं नाही.

आईनंच पाटी घेतली. 'तुम्ही मोठ्यानं बोललात. सगळ्यांनी ऐकलं. म्हणून तिला काढलं.'

दादांनी ते वाचलं. मग हळूच, अगदी ऐकू येईल न येईल असं म्हणाले, "मला वाटलं मी मनात म्हटलं."

आठ दिवस ते घरात बोलले नाहीत. काही हवं असलं तर आमच्यासारखं पाटीवर लिहायचे. मला ते बघवेना. आणि रागही येत होता, त्यांचा नाही, माझाच. वाक्य मी विसरले होते. बोलले ते, पण चूक माझी होती.

लेखक येऊन म्हणाला, "झालं ते झालं. मी नवीन काहीतरी लिहितो."

"नवीन नंतर," मी म्हटलं. "हेच करायचं परत. बदलापूरला तीन महिन्यांनी स्पर्धा आहे."

दादांनी पाटीवर लिहिलं, 'कर. मी येणार नाही.'

मी ते पुसलं आणि लिहिलं, 'तुम्ही येणार. पहिल्या रांगेत बसणार. मी न विसरायला शिकते, तुम्ही गप्प बसायला शिका.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तोंडानं बोलले. "गप्प बसलो की नाही ते मला कसं कळणार?"

आईनं पुढ्यातली पँट बाजूला केली, दादांचा हात उचलला आणि त्यांच्याच गळ्यावर ठेवला. म्हणाली, "बोला." ते तिच्या ओठांकडे बघून म्हणाले, "काय बोलू?" आणि थांबले. गळा हातात थरथरलेला त्यांना कळला होता. मग त्यांनी नुसते ओठ हलवले. हात तसाच. काही नाही. पुन्हा आवाज काढला, पुन्हा नुसते ओठ. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

मी माझ्या बाजूनं ठरवलं की तालमीत दादांनी पहिल्या बाकावर बसायचं आणि मुद्दाम ओठ हलवायचे. कधी माझं वाक्य, कधी चुकीचंच काहीतरी. मी ते बघायचं आणि तरी खुर्चीशीच बोलायचं. पहिले दोन रविवार मी गडबडले. तिसऱ्या रविवारी लेखकही शेजारी बसून ओठ हलवायला लागला. मला हसू यायला लागलं, मग तेही जिरलं.

बदलापूरच्या स्पर्धेत दादा पंचवीस मिनिटं उजवा हात गळ्यावर ठेवून बसले. शेजारच्या माणसानं आईला विचारलं म्हणे, "यांना घसा दुखतोय का? गोळी देऊ?" मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांचे ओठ बघितले, आणि पुढचं वाक्य बोलले.

बक्षीस म्हणून अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं, तिसरं. लेखनाचं काही नाही. लेखक म्हणाला त्याला चालेल, पण त्याला चाललं नव्हतं, ते दिसत होतं. बाहेर आलो तर गावातली एक म्हातारी, काष्टा नेसलेली, माझ्यासाठी थांबली होती. तिनं माझं मनगट पकडलं.

"मंग तो सायेब आला का न्हाय?"

"नाही आजी, नाटकात येतच नाही."

"अगं नाटकात न्हाय इचारत," ती वैतागली. "उद्या तरी यील का?"

मी लेखकाकडे बघितलं. त्यानं वाकून तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि मग ती दोघं तिथेच पायरीवर बसून तिच्या जमिनीच्या कागदांबद्दल बोलायला लागली. पुढच्या आठवड्यात तो तिच्याबरोबर खरोखरच एका कचेरीत गेला. तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत साहेब भेटला आणि अर्ज तरी घेतला त्यानं.

मला पुढे सरकारी नोकरी लागली, टायपिंगच्याच परीक्षेतून. क्लासच्या सरांना पेढे द्यायला गेले तर म्हणाले, "ड्रामाने लगाई नौकरी." नव्वद सालानंतर त्यांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर आले, पण माझ्यासाठी एक मशीन त्यांनी कोपऱ्यात ठेवलं होतं. लेखकानं आणखी सात-आठ एकांकिका लिहिल्या, त्यातली एकही छापली गेली नाही. माझ्याकडे सगळ्यांच्या कार्बन कॉप्या आहेत. त्यांच्या कडेला दादांची लाल पेन्सिल आहे, 'इथे जास्त बोलतो', 'इथे खोटं वाटतं', 'हे चांगलं, कापू नका.'

दादांच्या प्रेस खात्यातले जुने दोघे जण एकदा घरी आले. त्यांचेही कान गेलेले. दादांना वाचत बसलेलं बघून त्यांनी विचारलं हे काय आहे. पुढच्या स्पर्धेपासून मी दोन कॉप्या जास्तीच्या काढायला लागले. एक-दोन वर्षांत ते पाच जण झाले. त्यांना आधी वाचून लक्षात ठेवणं जमत नसे, म्हणून संहिता मांडीवर घेऊनच बसायचे आणि स्टेजच्या उजेडात पानं उलटायचे. पाच जण एकाच वेळी पान उलटायचे.

एका स्पर्धेत आपली एकांकिका संपल्यावर एक तरुण नट मेकअपसकट बाहेर आला. चिडलेला. "ताई, हे तुमचे लोक आहेत ना? सारखी पानं वाजतात. माझं लक्ष उडतं."

"पानं वाजणार," मी म्हटलं. "त्यांना ते ऐकू येत नाही. तुम्हाला येतं, तर तुम्ही सवय करा."

"मी इथे अभिनय करतोय, आणि ते वाचतायत."

"ते वाचतायत कारण तुम्ही काय बोलता ते त्यांना शब्द न् शब्द पाहिजे. बाकी हॉलमध्ये किती जणांना पाहिजे?"

तेवढ्यात दादा उठून त्याच्यासमोर आले, त्याची संहिता उघडली, आणि एका ओळीवर बोट ठेवून त्याला म्हणाले, "इथे तू दाराकडे बघितलंस. लिहिलेलं नाही ते. का बघितलंस?"

नटानं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून पाटी काढून त्याच्या हातात दिली. तो खडू घेऊन लिहायला बसला, आणि पुढच्या एकांकिकेची तिसरी घंटा झाली तरी त्याचं लिहून संपलं नव्हतं.